शोधायला ओपनव्हर्स, घ्यायला कॉमन्स: कोलाज करणारीचा अनुभव

कात्री लावायची परवानगी आहे का, हा कोलाज करणाऱ्याचा पहिला प्रश्न. चित्र सुंदर आहे का, पुरेसं मोठं आहे का, रंग जुळतील का, हे सगळं त्यानंतर. मी एका छोट्या अनियतकालिकाची मुखपृष्ठं करते, अधूनमधून विज्ञानाची भित्तिपत्रकंही. त्याआधी बरीच वर्षं छापखान्यात पेस्टिंगच्या टेबलावर कटर, रबर सोल्युशन आणि ब्रोमाइड घेऊन बसले आहे. तेव्हा चित्र कुणाचं, वापरायचं की नाही, हे संपादक बघायचे. आता चित्र शोधणारी मी, कापणारी मी आणि खाली नाव छापणारीही मीच. म्हणून ज्या दोन ठिकाणांवर माझं जवळजवळ सगळं काम चालतं त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे: खुल्या चित्रांची शोधसेवा ओपनव्हर्स आणि विकिपीडियाच्या परिवारातला चित्रसाठा विकिमीडिया कॉमन्स. दोन्ही मोफत आहेत, आणि चित्र उतरवून घ्यायला खातंही उघडावं लागत नाही.

माझं मत आधीच सांगते. शोधायला ओपनव्हर्स चांगलं, पण प्रत्यक्ष फाइल घ्यायला कॉमन्स. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

ओपनव्हर्स म्हणजे पूर्वीचं ‘सीसी सर्च’. खुले परवाने, म्हणजे इतरांना काम वापरू देणाऱ्या तयार अटी, लिहून देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेने ते चालवलं होतं, २०२१ मध्ये ते वर्डप्रेस प्रकल्पाकडे गेलं आणि नाव बदललं. चित्रं आणि ध्वनी मिळून ८० कोटींहून जास्त नोंदी तिथे आहेत. चित्रं मात्र त्याची स्वतःची नाहीत. फोटो ठेवायचं संकेतस्थळ फ्लिकर, विकिमीडिया, अमेरिकेतली मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि स्मिथसोनियन ही संग्रहालयं, नेदरलँड्समधलं राइक्सम्युझियम अशा अनेक ठिकाणच्या खुल्या परवान्याच्या चित्रांची ती एकत्र सूची आहे. तुम्ही चित्रावर टिचकी मारली की शेवटी मूळ जागीच पोचता.

कोलाजवाल्यांसाठी इथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गाळण्यांमधली एक छोटी चौकट: ‘बदल किंवा रूपांतर करता येईल’. ती खूण केली की ज्या चित्रांना हात लावायची मुभा नाही ती समोरून निघून जातात. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने सहा, आणि त्यांतल्या दोघांच्या नावात ‘एनडी’ आहे. एनडी म्हणजे चित्र आहे तसंच पुढे द्या, बदललेली आवृत्ती लोकांना देऊ नका. बगळ्याचा फोटो कापून त्याच्यामागे दुसरं आभाळ लावणं हा बदलच झाला. घरच्या संगणकावर काहीही करून बघा, पण ते छापून वाटता येणार नाही. ही एक खूण नसेल तर तासभर शोधून काढलेलं चित्र शेवटी टाकून द्यावं लागतं. दुसरी चौकट आहे व्यावसायिक वापराची. आमचं अनियतकालिक वर्गणीवर चालतं. वर्गणी म्हणजे व्यवसाय की नाही, यावर दोन माणसांची तीन मतं होतात. त्या वादात पडण्यापेक्षा मी ती खूणही करून ठेवते आणि ‘एनसी’ची, म्हणजे फक्त बिगर-व्यावसायिक वापराला मोकळी असलेली, चित्रं घेतच नाही.

आकाराची गाळणी आहे, आडवं-उभं-चौकोनी निवडता येतं, फाइलचा प्रकार निवडता येतो. शिवाय प्रत्येक चित्राखाली श्रेयाची ओळ तयार मिळते: शीर्षक, कर्त्याचं नाव, परवाना. साधा मजकूर म्हणून घ्या किंवा संकेतस्थळासाठी एचटीएमएल म्हणून. ही सोय करणाऱ्यांचे खरंच आभार मानावेत. श्रेय न देणाऱ्यांतले बरेच जण आळसामुळे देत नाहीत, आणि इथे आळसाला निमित्तच उरत नाही.

पण ओपनव्हर्स स्वतःच बजावतं की परवान्याची खातरजमा ते करत नाही, ती मूळ पानावर जाऊन तुम्ही करा. ही सूचना लोक वाचत नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. फ्लिकरसारख्या ठिकाणी फोटो टाकणारा आपल्या फोटोवरचा परवाना पुढे केव्हाही बदलू शकतो. एकदा खुल्या परवान्याने घेतलेलं चित्र त्या परवान्याने वापरायचा तुमचा हक्क नंतर काढून घेता येत नाही, हे खरं. पण घेतलं त्या दिवशी परवाना कोणता होता, हे सहा महिन्यांनी दाखवणार कसं? मी त्या पानाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून चित्राच्याच फोल्डरमध्ये ठेवते. कॉमन्सवर ही काळजी बरीचशी आधीच घेतलेली असते. फ्लिकरवरून तिथे चित्र आणलं की कुणी तपासनीस किंवा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) मूळ पानावर जाऊन परवाना पडताळतो आणि अमुक तारखेला हा परवाना होता अशी नोंद फाइलच्या पानावर करतो. तेच चित्र ओपनव्हर्समध्ये फ्लिकरचं म्हणून आणि कॉमन्सचं म्हणून असं दोनदा दिसलं तर मी डोळे मिटून कॉमन्सचं घेते.

विकिमीडिया कॉमन्स सप्टेंबर २००४ पासून आहे. आता तिथे १० कोटींहून जास्त फाइली आहेत, आणि एनसी किंवा एनडी एवढाच परवाना असलेली फाइल तिथे ठेवूच देत नाहीत. म्हणजे गाळणी दारावरच लागलेली.

फाइलचं पान कसं वाचायचं हे मात्र शिकून घ्यायला हवं, कारण पहिल्यांदा ते डोळ्यांवर येतं. वर चित्र, त्याखाली वेगवेगळ्या आकारांचे दुवे. त्यातला ‘मूळ फाइल’ हाच आपला, बाकीचे विसरून जायचे. मग वर्णन, तारीख, स्रोत, कर्ता. मग परवान्याची चौकट. त्याखाली फाइलचा इतिहास: चित्र कधी चढवलं, नंतर कुणी उजळवलं किंवा कातरलं का. आणि अगदी तळाशी कॅमेऱ्याची माहिती. शेवटच्या दोन गोष्टी मी कधीच चुकवत नाही. इतिहासात जुनी आवृत्ती अधिक मोठी किंवा कमी घासूनपुसून गुळगुळीत केलेली सापडते, कापायला तीच बरी. कॅमेऱ्याच्या माहितीत भिंगाची नाभीय लांबी कळते. लांबच्या भिंगाने टिपलेला पक्षी आणि रुंद भिंगाने टिपलेला किनारा एकत्र आणले तर कितीही सफाईने कापा, डोळ्याला खटकतंच.

शोधताना एक युक्ती. प्राणी, पक्षी, वनस्पती हव्या असतील तर शास्त्रीय नाव टाका. कॉमन्सवरचे वर्ग शास्त्रीय नावांनी लावलेले असतात. साध्या ‘हेरॉन’ला जे मिळतं त्यात बोटी आणि गावंही येतात, ‘आर्डिया सिनेरिया’ टाकलं की राखी बगळेच येतात, उडणारे, उभे, पिल्लांसकट. परवान्याची गाळणी इथेही आहे, आणि जाणत्या मंडळींनी निवडलेली चित्रं वेगळी काढायचीही सोय आहे. त्या निवडीबद्दल एक इशारा: ‘दर्जेदार चित्र’ या शिक्क्यासाठी किमान अट २ मेगापिक्सेलची आहे. पडद्यासाठी ते पुरतं. ए-४ पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल. शिक्का बघून हुरळून जाऊ नका, आकडा बघा. आणि शंभर टक्के मोठं करून कडा बघा. जेपेगच्या चौकोनी ठिपक्यांनी कडा खाल्ली असेल तर ती कापताना हातात काहीच येत नाही.

आता एक मुखपृष्ठ कसं झालं ते सांगते, म्हणजे या दोन्ही सेवांचं खरं माप कळेल. अंकाचा विषय होता रात्र. मनात चित्र असं होतं: निळं-काळं पाणी, त्यात तरंगणाऱ्या जेलीफिश, वर चंद्र, आभाळातून हिमकण, आणि पाण्याच्या रेषेवर एक बगळा.

जेलीफिश अर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाच्या घेतल्या. त्याची शिळामुद्रित चित्रं १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झाली. तो १९१९ मध्ये वारला, त्यामुळे चित्रं केव्हाच सार्वजनिक मालकीची झाली आहेत. कॉमन्सवर ती उत्तम आकारात आहेत. त्या जेलीफिशचे तंतू इतके बारीक आहेत की एकेक कापायला बसलं तर आठवडा जाईल. पण कापायची गरजच नसते. मूळ कागद फिका, रेषा गडद. चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडे एकावर एक थरांत ठेवतात, त्यातल्या या थराचा मिश्रणप्रकार ‘मल्टिप्लाय’ केला की फिका कागद खालच्या रंगात विरघळतो आणि गडद रेषा तेवढ्या राहतात. मला मात्र गडद पाण्यात उजळ जेलीफिश हव्या होत्या, म्हणून आधी चित्राचे रंग उलटे केले आणि मग ‘स्क्रीन’ लावलं. स्क्रीन काळं गिळतं, उजळ तेवढं ठेवतं. तंतू असे उमटले की कटरने कधी जमले नसते.

हिमकण विल्सन बेंटलीचे. या अमेरिकी शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं छायाचित्र घेतलं आणि पुढे आयुष्यभरात ५,००० च्या वर घेतली. स्मिथसोनियनने त्यांतली काही ‘फ्लिकर कॉमन्स’ या फ्लिकरच्याच विभागात ठेवली आहेत, ‘कॉपीराइटचे ज्ञात निर्बंध नाहीत’ या शेऱ्यासह. त्या हिमकणांमागची काळी पार्श्वभूमी कॅमेऱ्याने आलेली नाही. बेंटली काचेवरच्या निगेटिव्हची नक्कल करून हिमकणाच्या कडेकडेने वरचा थर चाकूने खरवडून काढायचा, म्हणजे छापताना भोवताल काळा यायचा. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाबद्दल आपलेपणा वाटला, कारण छापखान्यात आम्ही हेच करत होतो. त्याच्या चाकूच्या खुणा मोठं करून बघितलं की हिमकणाच्या काठावर दिसतात. मी त्या पुसल्या नाहीत. काळं गिळायला पुन्हा स्क्रीनच.

चंद्र नासाचा. नासाची बहुतेक छायाचित्रं कॉपीराइटशिवाय असतात. त्यांचं बोधचिन्ह वापरायचं नाही आणि आपल्या कामाला नासाची मान्यता आहे असं भासवायचं नाही, एवढं पाळायचं.

राहिला बगळा. तो जिवंत छायाचित्रकाराचा, ‘सीसी बाय-एसए ४.०’ परवान्याचा (‘बाय’ म्हणजे कर्त्याला श्रेय द्या, ‘एसए’बद्दल पुढे सांगते, आकडा परवान्याच्या आवृत्तीचा). या एका पक्ष्याने सर्वांत जास्त वेळ घेतला. बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब काळी पिसं असतात आणि छातीवर झुपके. मी गिंप या चित्र-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरवर काम करते. तिथल्या ‘फोरग्राउंड सिलेक्ट’ने शरीर बरं सुटलं, पण छातीच्या झुपक्यांभोवती मूळ फोटोतल्या वेताचा पिवळट-हिरवा काठ राहिला. गडद निळ्यावर तो काठ ओरडून सांगतो की मी इथला नाही. खोडायचं नाही, मास्क (नको तो भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा) वापरायचा, हा माझा नियम. खोडलेलं परत येत नाही, मास्कवर काळा ब्रश फिरवलेला उद्या पांढऱ्याने भरून काढता येतो. मास्क एक पिक्सेल आत घेतला, मग पिसांच्या दिशेने अगदी बारीक ब्रशने झुपके परत उघडले, आणि उरलेल्या हिरव्यावर फक्त त्या थरापुरता निळा रंग अगदी हलका चढवला. फोटोत ऊन उजवीकडून होतं, माझा चंद्र डावीकडे. म्हणून बगळा आडवा उलटवला. शेवटी सगळ्यांवर एकच फिकट निळा थर आणि थोडा कणदारपणा घातला, कारण शिळाप्रेस, काचेची निगेटिव्ह आणि डिजिटल कॅमेरा या तिघांचा पोत वेगळा, आणि तो एक झाल्याशिवाय चित्र एक होत नाही. मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आलं. त्यात असे परिणाम थरावर लावून नंतर हवे तसे बदलता येतात. आधी एकदा लावले की लावले. या एका सुधारणेसाठी जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी नवी घ्यावी.

प्रत्येक थराला मी कर्त्याचं नाव आणि परवाना हेच नाव देते. ‘लेयर ७ कॉपी’ अशा नावाच्या थराचं श्रेय शेवटी सापडत नाही. थरांची यादी वरून खाली वाचली की श्रेयनामावली तयार.

आणि इथे परवान्यांचा खरा हिशेब येतो. हेकेल, बेंटली आणि नासा यांच्या चित्रांना परवान्याची काही अट नव्हती. पण बगळ्याच्या परवान्यात ‘एसए’ आहे: तुम्ही यातून नवं घडवलंत तर तेही याच परवान्याने लोकांना द्या. म्हणून आमचं संपूर्ण मुखपृष्ठचित्र ‘सीसी बाय-एसए ४.०’ने प्रसिद्ध झालं. उद्या कुणी ते कापून नवं काही केलं तर तो त्याचा हक्क आहे, आणि मला ते मनापासून आवडेल. संपादकांना हे आधी समजावून सांगावं लागलं. चित्र छापायला गेल्यावर सांगून उपयोग नसतो.

एसए दोन असतील तर जपून. ‘बाय-एसए ३.०’ आणि ‘बाय-एसए ४.०’ एकत्र नांदतात, परिणामी चित्राला ४.० द्यायचा. पण ‘बाय-एसए’ आणि ‘बाय-एनसी-एसए’ एका चित्रात मिसळता येत नाहीत, कारण दोघंही म्हणतात की नव्या चित्राला माझाच परवाना हवा. ब्रिटिश म्युझियमची स्वतःची छायाचित्रं ‘बाय-एनसी-एसए’ आहेत. तिथे अठराव्या शतकातल्या मेरी डिलेनी या कलावतीची कागद कापून केलेली फुलं आहेत, सत्तरी उलटल्यावर तिने सुरू केलेली, हजाराच्या आसपास. कोलाज करणाऱ्या प्रत्येकाने ती बघावीत. पण त्या छायाचित्रांचा तुकडा कॉमन्सवरच्या बाय-एसए फोटोशेजारी चिकटवता येणार नाही.

चौकटीत नुसते फोटो शेजारीशेजारी मांडले, कुठलाच बदलला नाही, तर ते संकलन मानलं जातं आणि प्रत्येक फोटो आपापल्या परवान्याखाली राहतो. एकमेकांत विरघळवले की ते रूपांतर. मधली सीमा देशोदेशीच्या कायद्यावर अवलंबून असते. मी तरी कापलं म्हणजे रूपांतर असंच धरून चालते.

अनस्प्लॅश आणि पिक्साबे या मोफत फोटोंच्या संकेतस्थळांबद्दल लोक हमखास विचारतात. दोन्हीकडे एके काळी ‘सीसी झिरो’ होतं, म्हणजे कर्त्याने आपले हक्क सोडून दिलेले. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये ते सोडून स्वतःचा परवाना आणला. कोलाजला तो बहुतेकदा चालतो, फोटोही देखणे असतात. पण तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना नाही, आणि असा तुकडा असलेलं कोलाज मी बाय-एसएने पुढे देऊ शकते का याचं स्वच्छ उत्तर मला तिथे मिळत नाही. म्हणून मी तिथे जात नाही. ‘फ्री वॉलपेपर’ची जी असंख्य संकेतस्थळं आहेत त्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये. तशा एका ठिकाणचा समुद्राचा फोटो मी उलट्या चित्रशोधाने तपासला, तर मूळ कॉमन्सवरच निघाला. छायाचित्रकाराचं नाव तेवढं वाटेत गळलं होतं.

संग्रहालयांत मेट्रोपॉलिटन म्युझियम माझं सर्वांत आवडतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी ३,७५,००० चित्रं सीसी झिरोने खुली केली. स्मिथसोनियनने २०२० मध्ये सुरुवातच २८ लाखांनी केली. सीसी झिरोला श्रेय देणं बंधनकारक नाही. मी तरीही देते. ज्यांनी स्कॅनरसमोर बसून हे केलं त्यांच्या संस्थेचं नाव छापायला एक ओळ लागते.

चेहऱ्यांचं मात्र वेगळं. खुला परवाना छायाचित्रकाराच्या हक्काबद्दल बोलतो, फोटोतल्या माणसाच्या हक्काबद्दल नाही. बाजारात टिपलेल्या अनोळखी बाईचा चेहरा परवान्याने मोकळा असला तरी तो कापून एखाद्या आजाराच्या लेखाशेजारी लावणं मला पटत नाही, आणि कित्येक ठिकाणी ते कायद्यातही बसत नाही. कॉमन्स अशा फाइलींवर तशी सूचना लावतं. आधुनिक शिल्पांचंही तसंच. फोटो खुला, पण शिल्पकाराचा हक्क शाबूत असू शकतो, आणि काही देशांत सार्वजनिक जागेतल्या शिल्पाचा फोटोही मुक्तपणे वापरता येत नाही.

कॉमन्सकडे माझं एक मागणं आहे. श्रेयाची ओळ फाइलीगणिक मिळते, ती एकेक उचलून मी जोडत बसते. माझ्या कोलाजात पंधरा-वीस तुकडे सहज असतात. फाइली निवडून एका यादीत टाकाव्यात, सगळ्यांच्या श्रेयओळी एकदम मिळाव्यात, आणि यांतल्या अमक्या दोन परवान्यांचं एकमेकांशी जमत नाही हे कापायला बसण्याआधीच कळावं. कोणते परवाने एकत्र चालतात याचा तक्ता क्रिएटिव्ह कॉमन्सकडे तयार आहे. तो फाइलींच्या यादीला जोडणारं उपकरण कुणी लिहीत असेल तर तपासून बघायला माझ्या फाइली, थरांच्या नावांसकट, द्यायला मी तयार आहे.